सदा कप्तानाची हळू न चालणारी मोटर

सदा पाण्यात पडला आणि त्याचीच लाँच त्याच्याभोवती गरगर फिरायला लागली.

लाँचीत आम्ही दोघी. पुढच्या टोकाला मी आणि मधे फळ्यांवर आडवी पडलेली त्याची बायको सुमन. सकाळी भातखाचराच्या बांधावर तिला फुरसं चावलं होतं, तो बुटका विषारी साप. पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पलीकडच्या धक्क्यावर, भोरच्या बाजूला, ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती. ती आम्हाला दिसत होती. लाँच मात्र तिकडे जायचं सोडून जात्यासारखी फिरत होती. मोटर मोकाट ओरडत होती, आणि तिचा पाण्यातला पंखा दर फेरीला सदाच्या डोक्याच्या आणखी जवळून जात होता.

"वैनी! वैनी, मोटर धरा!" सदा पाणी पीत ओरडत होता.

मोटर धरा म्हणे. इतक्या वर्षांत त्यानं मला त्या मोटरीला हात लावू दिला नव्हता. विधवा बाई मोटरीजवळ बसली की मोटर बिघडते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून तर मी पुढच्या टोकाला बसले होते.

हा सदा म्हणजे माझा चुलत दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणायची. गाव त्याला कप्तान म्हणायचं, कारण त्यानं तसं म्हणायला लावलं होतं. भोरच्या बाजारातून त्यानं एक पांढरी टोपी आणली होती, पुढं सोनेरी नांगर असलेली. शेतातला नांगर नव्हे, जहाजाचा. ती घातली की हा माणूस कुणाशी नीट बोलायचा नाही. गळ्यात शिट्टी. लाँच सुटायच्या आधी एक शिट्टी, सुटल्यावर एक शिट्टी. मधे बकरी ओरडली तर तिलाही एक शिट्टी. आणि बसायचा नाही. कप्तान उभा असतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो लाँच उभ्यानं चालवायचा, मोटर उभ्यानं सुरू करायचा, सुमननं दिलेला चहाही उभ्यानंच प्यायचा.

आमचं गाव भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, वेल्ह्याच्या अंगाला. भोर पाण्याच्या पलीकडे. डोंगरातून रस्ता आहे, पण तो भला मोठा वळसा घालतो आणि पावसाळ्यात दरड आली की बंद. त्यामुळं बाजार, दवाखाना, तहसील, लग्न, मयत, सगळं लाँचीवर. पूर्वी वल्ह्यांची नाव होती. ती चालवणारा म्हातारा वारला आणि सदानं ही मोटर आणली. कोकणातल्या कुणा मच्छीमारानं टाकून दिलेली, टेम्पोत घालून आणली. त्या दिवशी हलगी वाजवली होती. दुसऱ्या दिवशी सदानं वल्ही फोडली आणि त्यांवर आंघोळीचं पाणी तापवायला लावलं.

"दोन तरी ऱ्हाऊ द्या," सुमन म्हणाली. "आडीनडीला लागत्यात."

"मशीन हाय ही. बैल न्हाई बसायला," सदा म्हणाला.

मशीन बसायची. रोज बसायची. जोरात ठेवली तोवर ठीक चालायची. धक्का जवळ आला, मूठ फिरवून जरा हळू केली, की घसा धरलेल्या म्हाताऱ्यासारखी खोकायला लागायची. थरथरायची, सगळ्या फळ्या खडखडायच्या, निळा धूर आमच्या तोंडावर यायचा, आणि फट् करून बंद. मग सदा तिच्या झाकणाला कान लावून डोळे मिटायचा. डॉक्टर झाला होता ना.

"तिचा सोभावच तसला हाय," डोळे उघडून सांगायचा. "रागीट हाय. हळू चाललेलं तिला खपत न्हाई."

उपाय त्याचे तीन. मोटरीच्या बाजूला एक स्क्रू होता. तो पिळला की मोटर हळू असतानाही थोडी जोरात फिरायची. तो पिळून पिळून त्यानं शेवटाला नेला होता. दुसरा उपाय ऑइल. त्या मोटरीला पेट्रोलातच ऑइल मिसळून द्यावं लागतं. सांगितलं असेल त्याच्या दुप्पट हा ओतायचा, बाळंतिणीला तूप घालावं तसं. "अंगात ताकद ऱ्हाती," म्हणायचा. तिसरा उपाय म्हणजे मला पुढं बसवणं.

पहिल्यांदा त्यानं तसं सांगितलं तेव्हा लाँच भरलेली होती.

"वैनी, तुमी जरा म्होरं बसता का? तुमी मागं बसलात की ही हटकून बंद पडती."

"मी काय करते तिला?"

"करत न्हाई वो काय. पर मशीनला कळतंय."

मी पुढं जाऊन बसले. धक्का आला, मोटर खोकली आणि बंद पडली. लाँचीतले लोक हसले. सदा नाही हसला. म्हणाला, "अजून म्होरं जागा हाय का बगा."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मशीन मला कळत नाही. पण पंपाचा स्टोव्ह मी पंचवीस वर्षं वापरला आहे. त्याच्या बारीक भोकात कचरा अडकला की तो असाच फुरफुरतो, थरथरतो आणि विझतो. पिन मारली की पुन्हा नीट. मी ते सदाला सांगितलं. म्हटलं, भावजी, हिच्याही आत कुठं बारीक भोक असेल, ते बघा.

त्यानं टोपी सारखी केली. "वैनी, ही परदेशी मोटर हाय. ह्यात भाकऱ्या भाजायच्या न्हाईत."

लोक पुन्हा हसले. कप्तानाच्या विनोदाला हसावं लागतं, कारण परत त्याच्याच लाँचीनं यायचं असतं.

हळू केली की बंद पडते, म्हणून त्यानं हळू करणंच सोडून दिलं. ही त्याची अक्कल. उतरणाऱ्यांना घेऊन तो धक्क्यासमोरून जोरात जायचा, वळायचा, पुन्हा यायचा. जवळ आला की ओरडायचा, "हां, मारा उडी!" म्हाताऱ्या बायका, दळणाचे डबे, कोंबड्या, सगळ्यांनी उड्या मारायच्या. चढणाऱ्यांचंही तेच. आणि मधे बंद पडलीच, तर तो मूठ पूर्ण फिरवून ठेवायचा, गियर घातलेलाच ठेवायचा आणि तसाच दोरी ओढायचा. तसं करू नये म्हणून मोटरीत काही अडकण होती म्हणे. ती त्यानं काढून टाकली होती. मोटर पेटली रे पेटली की लाँच पुढं उडी घ्यायची. म्हणून ओढायच्या आधी तो ओरडायचा, "धरा!" आम्ही फळ्या धरायचो. त्याला स्वतःला धरायला काही नसायचं, पण तो कप्तान होता.

मोटरीबरोबर एक लाल गुंडाळीची दोरी आली होती. ती चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि मोटर आपोआप थांबते. कोकणातल्या माणसानं हे त्याला समजावून दिलं होतं. सदानं त्या जागी सुतळी कोंबली आणि लाल दोरीला घराच्या किल्ल्या लावल्या. "आपुन काय पडणारं मानूस हाय का?" म्हणाला.

एकदा आमच्या शेजारच्या मुलीला बघायला किकवीचे पाहुणे आले. मुलाचा बाप, मामा, दोन बायका. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. त्यांना कुणी उडी मारायचं सांगितलेलं नव्हतं. धक्क्यावर मुलीचे वडील हात जोडून उभे. लाँच आली तशी समोरून गेली. पाहुण्यांनी हात जोडले, यजमानांनी हात जोडले, आणि लाँच पुढं निघून गेली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच.

"थांबवा की हो!" मुलाचा मामा ओरडला.

"थांबंत न्हाई ती," सदा म्हणाला. "म्होरच्या फेरीला तयार ऱ्हावा. उजवा पाय आदी."

मुलाच्या बापानं डावा पाय आधी टाकला आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेला. सदा शिट्टी वाजवून म्हणाला, "पाव्हणं, हितला गाळ लई गुणाचा. भात काय येतोय ह्यात!"

मुलगी पसंत पडली. पण पाहुणे परत लाँचीत बसले नाहीत. वेल्ह्याच्या रस्त्यानं सगळा डोंगर वळसा घालून घरी गेले, आणि लग्न किकवीला करायचं असं तिथून फोन करून कळवलं. सदाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला वाईट वाटलं ते एवढंच, की लग्नाचं वऱ्हाड आपल्या लाँचीला मिळालं नाही.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं हेही खरं. मोटर असलेला माणूस तो एकटाच. खंडेनवमीला अवजारं पुजतात. आमच्याकडं विळे, कोयते, खुरपी मांडून पुजायची. सदा मोटर पुजायचा, आणि ती पूजा बघायला अर्धं गाव धक्क्यावर यायचं. तो मोटरीचं झाकण काढायचा. आत, हवा ओढून घेणारं एक गोल भोक होतं. त्याला तो मोटरीचं तोंड म्हणायचा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हळदीकुंकू, मोटरीच्या डोक्याला हळदीकुंकू, आणि शेवटी त्या तोंडात एक चिमूट कुंकू आणि चार अक्षता.

"तोंडात कशाला?" मी एकदा विचारलं.

"मंग निवद काय पाठीवर ठेवत्यात का, वैनी?" तो म्हणाला. सगळी बायामाणसं हसली.

पूजेनंतर मोटर महिनाभर जास्तच खोकायची. तो म्हणायचा, सणाचं गोड बाधलंय तिला.

तर त्या दिवशी. भादव्यातला दिवस, धरण भरलेलं, डोंगरातला रस्ता दरडीनं बंद. गडीमाणसं वरच्या खाचरांत होती. सुमनला चावलं तेव्हा जवळ मीच होते. तिला खाटेवर घालून आम्ही बायकांनी धक्क्यावर आणलं. सदा टोपी घालून आला. त्याही वेळी टोपी घातली, शिट्टी गळ्यात अडकवली, मग आला. सुमन हिरडीचं रक्त पदराला पुसत होती आणि मला म्हणत होती, "वैनी, तुमी चला संगं. ह्यांच्या जिवावर न्हाई जायाची मी." मी चढले. सदानं बोट दाखवलं आणि मी पुढच्या टोकाला जाऊन बसले. त्या वेळी वाद कोण घालणार?

निम्म्या पाण्यात त्याचा मोबाईल वाजला. ॲम्ब्युलन्सवाला विचारत होता, कुठल्या बाजूनं येताय. मोटरीच्या आवाजात ऐकू येईना. म्हणून त्यानं मूठ फिरवून हळू केली.

बंद पडली. पडणारच होती.

मग त्यानं दोरी ओढायला घेतली. ओढतोय, ओढतोय, मोटर ओली होऊन पेट्रोलचा वास सुटला, तरी हा उभ्यानंच ओढतोय. मी म्हटलं, "भावजी, बसून ओढा." तो म्हणाला, "बसून ताकद लागत न्हाई." मूठ पूर्ण फिरवलेली, गियर घातलेला. आणि घाईत "धरा" म्हणायचंही विसरला. मोटर पेटली, लाँचीनं उडी घेतली, आणि कप्तान मागच्या मागं पाण्यात.

बाकीचं वर सांगितलंच आहे. मूठ मोकळी सुटली की मोटर एका बाजूला वळते आणि लाँच गोल फिरायला लागते. सदाला पोहता येत होतं, पण फिरत्या पंख्यापुढं पोहून काय होतं? तो एकीकडं सरकला की लाँचही तिकडंच सरकत होती.

मी सुमनच्या अंगावरून गुडघ्यांवर रांगत मागं गेले. माझा गुडघा तिच्या चावलेल्या पायावर पडला. ती ओरडली, पण मला ढकलून म्हणाली, "जावा." मी मूठ पकडली. कुठल्या बाजूला फिरवली की हळू होते ते मला ठाऊक होतं. समोर बसून बसून दुसरं काय बघितलं होतं मी? मूठ फिरवली. मोटर खोकली, थरथरली आणि फट् करून मेली.

तिच्या त्या खोडीचा तेवढाच एक उपयोग झाला. नीट चालणारी मोटर असती तर हळूहळू फिरत राहिली असती, आणि पंखाही फिरत राहिला असता.

सदा मोटरीला धरून वर चढला. टोपी गेली होती. तो फळीवर बसून दातावर दात वाजवत होता आणि सुमनकडं बघत होता. आता त्याच्यानं काही होईना. वल्ही नव्हती. ती चुलीत गेली होती. लाँच वाऱ्यानं आमच्याच गावाकडं परत जायला लागली. सुमनचे डोळे मिटायला लागले होते.

"सदा," मी म्हटलं. भावजी नाही म्हटलं. "बस खाली. बसून ओढ."

"माझ्यानं न्हाई, वैनी."

"तुझ्यानं काय होत नाही ते मला इतकी वर्षं दिसतंय. दोरी ओढ."

त्यानं बसून ओढली. माझा हात त्याच्या हातावर होता. मोटर पेटली, लाँचीनं उडी घेतली, आणि बसलेला माणूस जागच्या जागी राहिला. एवढंच करायचं होतं. धक्का जवळ आला तसा त्याचा हात मुठीकडं गेला. मी तो धरून ठेवला. "हळू करायचं नाही," म्हटलं. लाँच तशीच भरधाव जाऊन गाळावर चढली, खालची फळी तडकली, आणि ॲम्ब्युलन्सची माणसं गाळात धावत आली. त्यांनी सुमनला उचललं.

भोरच्या सरकारी दवाखान्यात तिला सुया दिल्या, मग पुण्याला नेलं. ती बरेच दिवस तिकडं होती. तेवढ्या दिवसांत तिचा मुलगा, जो पुण्यात नोकरीला आहे, नसरापूरहून मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीनं झाकण काढलं, पेट्रोल जिथं साठतं ती छोटी वाटी सोडवली आणि फडक्यावर उपडी केली. लाल चिखल पडला.

"ह्ये काय?" त्यानं बोटावर घेऊन विचारलं. मग वास घेतला. "कुंकू हाय व्हय ह्ये?"

टाकीच्या झाकणावरचं कुंकू दर वेळी पेट्रोल भरताना आत पडत होतं. तोंडातलं कुंकू हवेबरोबर ओढलं जात होतं. त्यात टाकीतलं पाणी आणि जुन्या पेट्रोलचा डिंक. मिस्त्रीनं सांगितलं ते मला कळलं. मोटरीला पेट्रोलच्या वाटा दोन. जोरात पळायची वाट मोठी आणि हळू चालायची केसाएवढी. मोठी उघडी होती म्हणून ती पळत होती. बारीक बुजली होती म्हणून हळू केली की उपाशी मरत होती. वर जादा ऑइलनं प्लग काळे झालेले. मी पिन आणू का विचारलं, तर तो म्हणाला, "नको आज्जी, पिननं भोक मोठं हुतंय. ह्ये फुंकूनच काढायचं." स्टोव्हचं मला कळतं, मोटरीचं नाही. पण माझ्या कपाळाला कुंकू नाही म्हणून जी मोटर बिघडत होती, तिच्या पोटात कुंकू होतं, हे मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून घेतलं.

सदा म्हणाला, "कुंकवानं कुटं काय बिगडतं का?"

मोटर नीट झाली. हळू केली तर शिवणाच्या मशीनसारखी टकटक चालत राहायची. लाँच धक्क्याला लागली की लोक सावकाश उतरायला लागले. सदाला मात्र ते आवडलं नाही. "दम गेला तिचा," म्हणायचा. चार दिवसांनी पुन्हा समोरून जोरात जायला लागला, पुन्हा उभ्यानं ओढायला लागला, "धरा!" ओरडायला लागला. खंडेनवमी आली तेव्हा नवी टोपी घालून झाकण काढलं आणि तोंडात चिमूट सोडली. मोटर सुधारते, कारण तिच्यात काय अडकलंय ते उपडं करून बघता येतं.

सुमन परत आली ती पाय ओढत. त्या लाँचीत ती पुन्हा बसली नाही. भोरला जायचं तर पहाटे उठून डोंगरातल्या रस्त्यानं जीपमधून जायची. सदा विचारायचा, "लोक काय म्हनतील?" ती पिशवी उचलून जीपकडं निघायची.

शेवटचा तो मला दिसला बऱ्याच वर्षांनी, भोरच्या एसटी स्टँडवर. त्याला दिसेनासं झालं होतं. मुलगा दोघांना पुण्याला नेत होता. बाकावर सदा आणि सुमन बसले होते. हो, बसला होता. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता:

"मंडळीला फुरसं चावल्यालं. मदी मोटर बंद. मंग काय, टाकली उडी! दोरी दातात धरली आन् लाँच वढत नेली धक्क्याला. लाँचीत दोन बाया, दोगी रडत्यात नुसत्या."

"लई धाडस, तात्या," तो माणूस म्हणाला.

मी पुढं झाले. "कोण रडत होतं, भावजी?"

त्यानं आवाज ओळखला. जराही लाजला नाही. "ह्या बगा, ह्याच त्या आमच्या वैनी. इचारा त्यास्नी!"

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "उडी नव्हती. भावजी पडले होते."

"थट्टेखोर हायत," सदा त्याला म्हणाला.

सुमननं माझा हात दाबला. "जाऊ द्या वैनी. गाडी लागली." तिनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि पाय ओढत गाडीकडं नेलं. पायरीशी तो अडखळला. ती म्हणाली, "उजवा पाय आदी." तो चढला, खिडकीशी बसला आणि चुकीच्या बाजूला हात हलवत राहिला.

पुढच्या वर्षी तो पुण्यात वारला, अंथरुणात. फुरसं सुमनला चावलं होतं. ती अजून आहे.